हा टॅरँट्युला नेमका कोणता? नुसत्या रंगावरून नाव का ठरत नाही

जुलै २०२१ मध्ये चेन्नई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेलं एक टपाल पार्सल उघडलं. आत चंदेरी कागद आणि कापूस लावलेल्या १०७ लहान प्लास्टिकच्या कुप्या होत्या आणि प्रत्येक कुपीत एक जिवंत कोळी होता. वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरो आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या तज्ज्ञांना बोलावण्यात आलं. त्यांनी कोळी तपासून सांगितलं की हे टॅरँट्युला मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे, ब्रॅकिपेल्मा आणि आणखी एका वंशातले असावेत. आयातीचा परवाना नव्हता, आरोग्याचे कागद नव्हते, म्हणून पार्सल आलं तिकडे परत पाठवायचं ठरलं.

त्या बातम्यांमध्ये वंशाची नावं आली, प्रजातीचं नाव आलं नाही. याचा अर्थ तज्ज्ञांनी कामात कसूर केली असा नाही. कुपीत मावणाऱ्या पिल्लाची प्रजाती डोळ्यांनी पाहून सांगताच येत नाही, आणि ते सांगायला नकार देणं हाच खरा जाणकारपणा.

आता हा प्रश्न विमानतळापुरता राहिलेला नाही. भारतात २०२२ साली वन्यजीव संरक्षण कायदा सुधारला गेला, सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचे नियम निघाले. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांमध्ये असलेला परदेशी प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने तो केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदवायचा आहे. प्राणी यादीत आहे की नाही हे कळायला आधी त्याचं नाव ठाऊक हवं. पुण्या-मुंबईत काचेच्या पेटीत टॅरँट्युला बाळगणाऱ्यांपुढे आणि न्यू जर्सी किंवा लंडनमध्ये दुकानातून तो उघडपणे विकत आणणाऱ्या मराठी मुलांच्या आईवडिलांपुढेही प्रश्न एकच आहे: हा नेमका कोणता?

सुरुवातीच्या दोन चाळण्या

टॅरँट्युला म्हणजे थेराफोसिडी कुळातले मोठे, केसाळ कोळी. या कुळात आजवर एक हजारावर प्रजातींची नोंद झाली आहे. जगभरच्या कोळ्यांची अधिकृत नामसूची स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या निसर्गइतिहास संग्रहालयात ठेवली जाते आणि तिच्यात वर्षभर बदल होत असतात. कुळाच्या आत वंश आणि वंशाच्या आत प्रजाती येतात. शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा प्रजातीचा. या लेखात परिभाषा एवढीच लागेल. बाकीचे शब्द येतील तिथे सांगतो.

पहिली चाळणी सोपी आहे. घरातल्या जाळ्यावरच्या कोळ्याचे विषदंत चिमट्यासारखे आडवे, एकमेकांसमोर मिटतात. टॅरँट्युलाचे विषदंत वरून खाली, एकमेकांना समांतर उतरतात. त्याच्या पोटाखाली श्वसनाच्या पिशव्यांच्या दोन जोड्या असतात आणि त्या चार फिकट ठिपक्यांसारख्या दिसतात.

दुसरी चाळणी खंडाची. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या बहुसंख्य टॅरँट्युलांच्या पोटावर खाज आणणारे सूक्ष्म केस असतात. डिवचल्यावर तो मागच्या पायांनी हे केस झाडतो आणि पोटावर टक्कल पडतं. आशिया-आफ्रिकेतल्या टॅरँट्युलांकडे हे शस्त्र नाही. ते पुढचे पाय उचलून विषदंत दाखवतात, आणि त्यांचा चावाही अधिक त्रासाचा असतो. म्हणून टक्कल दिसलं की प्राणी अमेरिकेकडचा, हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. टक्कल दिसलं नाही म्हणून तो भारतातला किंवा आफ्रिकेतला असा उलटा निष्कर्ष मात्र काढायचा नाही. त्याने अजून केस झाडले नसतील, एवढंच.

वंश ओळखायला पेटीतला स्वभावही मदत करतो. झाडावर राहणारे टॅरँट्युला सडपातळ असतात, त्यांच्या पायांच्या टोकांना रुंद मऊ गाद्या असतात आणि काच चढायला त्यांना कष्ट पडत नाहीत. बिळात राहणारे जाडजूड असतात आणि माती मिळाली की खणायला लागतात. इथवर कुणालाही पोचता येतं. खरी अडचण यानंतर सुरू होते.

"पण रंग तर स्पष्ट दिसतोय!"

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो. निळा म्हणजे अमुक, लाल गुडघ्यांचा म्हणजे तमुक, असं वाटणं साहजिक आहे.

निळ्याचंच घेऊ. टॅरँट्युलांमधला निळा हा रंगद्रव्याचा नसतो. केसांच्या आत अतिसूक्ष्म थर असतात आणि त्यांच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश आपल्याला निळा दिसतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी टॅरँट्युलांची वंशावळ मांडून पाहिली, तेव्हा असा निळा रंग या कुळात किमान आठ वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाल्याचं दिसलं. म्हणजे दोन निळे टॅरँट्युला एकमेकांचे जवळचे नातलग असतीलच असं नाही. ते एका वंशातले असतील हे गृहीत धरणंही चूक ठरू शकतं.

दुसरी गोष्ट कातीची. टॅरँट्युला वाढतो तो कात टाकून. कात टाकायची वेळ जवळ आली की अंगाचा रंग मळतो, तपकिरी होतो, टकलाचा भाग काळपट पडतो. कात टाकली की तोच प्राणी झळाळत्या रंगात समोर येतो. महिन्याच्या अंतराने काढलेले एकाच मादीचे दोन फोटो पाहणाऱ्याला दोन वेगळ्या प्रजाती वाटू शकतात. नराचं शेवटच्या कातीनंतर रूपच पालटतं. पाय लांब, पोट लहान, आणि अनेक प्रजातींत रंगही वेगळा. त्यात फोटो काढताना खोलीतल्या दिव्याचा पिवळेपणा आणि फोनने आपणहून वाढवलेला भडकपणा मिसळतो.

पिल्लांच्या बाबतीत तर रंगाचा आधार जवळजवळ संपतोच. कोकणात रोपवाटिकेतून कलम आणणाऱ्याला हे चटकन कळेल. हातातल्या रोपाची पानं पाहून ते हापूसचं की पायरीचं, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस विरळा. आपण रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवतो आणि खरं काय ते झाड फळाला आल्यावर समजतं. टॅरँट्युलाच्या पिल्लाचं अगदी तसंच आहे. नखाएवढं तपकिरी पिल्लू कुपीवरच्या चिठ्ठीवर विकलं जातं, आणि त्याची खरी ओळख पटायला ते प्रौढ होईपर्यंत थांबावं लागतं. मेक्सिकोच्या मंद वाढणाऱ्या प्रजातींमध्ये यात कित्येक वर्षं जातात.

लाल गुडघ्यांचा गोंधळ

जगात सर्वाधिक ओळखीचा टॅरँट्युला बहुधा मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा. काळं अंग, पायांच्या सांध्यांवर केशरी-लाल पट्टे, शांत स्वभाव, आणि मादीचं आयुष्य वीस वर्षांच्या पुढे. गेली कित्येक दशकं पाळीव टॅरँट्युला म्हटलं की हाच डोळ्यांपुढे येतो. पुस्तकांत, प्राणिसंग्रहालयांत आणि दुकानांत त्याचं नाव एकच असायचं: ब्रॅकिपेल्मा स्मिथी. हे प्रजातीनाम १८९७ सालचं.

पुढे १९९० च्या दशकात याच दिसण्याच्या टॅरँट्युलांना आणखी दोन नावं मिळाली, ॲनिथा आणि हॅमोरी. ही खरंच वेगळी आहेत की नाहीत यावर बराच काळ वाद चालला. २०१७ साली मेक्सिकोतले संशोधक होर्हे मेंडोसा आणि ऑस्कर फ्रँके यांनी लाल गुडघ्यांच्या ब्रॅकिपेल्मांची नव्याने तपासणी करून निकाल दिला. मूळच्या स्मिथीचा नमुना आणि ॲनिथा म्हणून ओळखला जाणारा प्राणी एकाच प्रजातीचे निघाले, म्हणून ॲनिथा हे नाव गळलं. आणि दुकानांत, घरांत, पुस्तकांत जो इतकी वर्षं स्मिथी म्हणून मिरवत होता, तो बहुतांशी हॅमोरी निघाला.

जगभरच्या हजारो पेट्यांवरच्या चिठ्ठ्या अशा रीतीने चुकीच्या ठरल्या. त्या लिहिणाऱ्यांना दोष देता येत नाही, कारण उपलब्ध माहितीनुसार त्या बरोबरच होत्या.

मग हे दोघे वेगळे करायचे कसे? हॅमोरीच्या जबड्यांवर समोरून पाहिलं तर करड्या पार्श्वभूमीवर दोन फिकट गुलाबी-तपकिरी पट्टे असतात. खूण हाताशी आहे, पण ती प्रत्येक हॅमोरीत दिसत नाही. दिसली तर उपयोगी, दिसली नाही तर निष्कर्ष शून्य. पक्का फरक मिळतो तो प्रौढांच्या जननेंद्रियांच्या घडणीत: मादीच्या शुक्रकोशाच्या (नराचं शुक्र साठवणाऱ्या पिशवीच्या) तळाचा आकार, आणि नराच्या स्पर्शपादांच्या (तोंडाजवळच्या, पायांसारख्या दिसणाऱ्या जोडीच्या) टोकाशी असलेल्या शुक्र वाहून नेणाऱ्या अवयवाची रुंदी.

याच्या जोडीला भूगोल आहे. हॅमोरी पॅसिफिक किनाऱ्याकडच्या हलिस्को, कोलिमा आणि मिचोआकान या राज्यांत राहतो. स्मिथी त्याच्या दक्षिणेला, गेरेरो राज्यात. मध्ये बाल्सास नदीचं खोरं आहे. प्राणी कुठे सापडला हे ठाऊक असेल तर ओळखीचं निम्मं काम झालेलं असतं. दुकानातून आलेल्या प्राण्याबद्दल नेमकी हीच माहिती नसते. पाळीव टॅरँट्युलाची ओळख इतकी अवघड का, याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच. रानातल्या कोळ्याला पत्ता असतो. व्यापारात शिरला की त्याचा पत्ता पुसला जातो, आणि रंगाकडे कितीही निरखून पाहिलं तरी तो परत मिळत नाही.

टाकलेली कात जपून ठेवा

ज्यांच्याकडे आधीच टॅरँट्युला आहे त्यांना माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं हे आहे. कात कचऱ्यात टाकू नका.

मादीच्या शुक्रकोशाचं आतलं अस्तर हे बाहेरच्या कातडीचाच आत वळलेला भाग असतं. त्यामुळे मादी कात टाकते तेव्हा हे अस्तरही कातीसोबत बाहेर येतं. प्राण्याला हात न लावता त्याच्या आतल्या अवयवाचा हुबेहूब साचा हाती लागतो. शास्त्रज्ञ संग्रहालयातल्या नमुन्यात जे पाहतात, तेच आपल्याला घरच्या कातीत पाहता येतं.

कात वाळली की पापडासारखी मोडते, म्हणून ती कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब टाकून भिजत ठेवावी. मऊ झाली की पोटाचा चुरगळलेला भाग रंगाच्या बारीक ब्रशने हळूहळू उलगडावा. आतून चार फिकट ठिपके दिसतात, त्या श्वसनाच्या पिशव्या. पायांच्या बाजूच्या दोन पिशव्यांच्या मधोमध आडवी घडी असते. मादी असेल तर तिथेच शुक्रकोश उभा असतो, कुठे एकसंध पट्टी, कुठे दोन बोंडं, कुठे टोकाशी फाटे. नर असेल तर तिथे असा अवयव नसतो. संगणकाला जोडायचा साधा सूक्ष्मदर्शक कॅमेरा यासाठी पुरतो. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी. एवढं केलं की जगाच्या दुसऱ्या टोकाच्या अभ्यासकालाही त्यावर मत देता येतं.

वयात आलेल्या नराची गोष्ट निराळी. शेवटच्या कातीनंतर त्याच्या स्पर्शपादांची टोकं फुगीर दिसतात, आणि अनेक प्रजातींत पुढच्या पायांवर हुकासारखे आकडे येतात. सगळ्यांना मात्र ते येत नाहीत. भारत आणि श्रीलंकेत झाडावर राहणाऱ्या पोइसिलोथेरिया वंशातल्या नरांना आकडे नसतात. त्यामुळे "आकडे नाहीत, म्हणजे मादी" हा सर्रास केला जाणारा तर्क आपल्याच प्राण्यांच्या बाबतीत फसतो.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. खूण पाहायची म्हणून जिवंत टॅरँट्युला चिमटीत पकडून उलटा करू नये. फूटभर उंचीवरून पडला तरी त्याचं पोट फुटून तो मरू शकतो. खालचा भाग पाहायचा असेल तर पारदर्शक डब्यात सोडून डब्याच्या तळातून फोटो काढावा. नुकतीच कात टाकली असेल तर काही दिवस त्याला अजिबात छेडू नये, तेव्हा त्याचे विषदंतसुद्धा मऊ असतात.

गुत्तीचा निळा कोळी आणि चुकलेला पत्ता

पत्त्याचं महत्त्व किती, याचं सर्वात बोलकं उदाहरण आंध्र प्रदेशातलं आहे. मराठी वाचकांना गुत्ती हे गाव मुरारराव घोरपड्यांमुळे ठाऊक असतं. कोळ्यांच्या अभ्यासकांना ते पोइसिलोथेरिया मेटॅलिकामुळे ठाऊक आहे. झाडाच्या ढोलीत राहणारा, गडद निळा, पायांवर पिवळ्या खुणा असलेला हा टॅरँट्युला जगातल्या सर्वात देखण्या कोळ्यांपैकी एक मानला जातो.

ब्रिटिश म्युझियममधले रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ साली गुत्तीहून आलेल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं. त्यानंतर शंभर वर्षं हा कोळी कुणाला सापडला नाही. २००१ साली तो पुन्हा दिसला, तो गुत्तीत नव्हे तर तिथून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या मधल्या राखीव जंगलात. पहिला नमुना गुत्तीच्या रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत मिळाला होता. जंगलातल्या लाकडांबरोबर आगगाडीने तो तिथे पोचला असावा, असं आता मानलं जातं. नमुना खरा होता, वर्णन बरोबर होतं, पत्ता तेवढा चुकला होता. या प्राण्याचं आज माहीत असलेलं घर शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही लहान आहे, आणि आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला आहे.

एवढ्याशा जंगलात राहणारा प्राणी युरोप-अमेरिकेत मात्र मोठ्या प्रमाणावर पैदास करून विकला जातो. पेट्यांमधल्या त्या निळ्या कोळ्यांना पाहून हा प्राणी मुबलक आहे असं वाटू शकतं. ते खरं नाही.

मेटॅलिका रंगामुळे ओळखता येतो खरा, पण त्याचे नातलग एवढे सोपे नाहीत. पोइसिलोथेरिया वंशातले बाकीचे कोळी वरून पाहिले तर झाडाच्या सालीत मिसळून जाणारे करडे-तपकिरी नक्षीचे. त्यांच्यातला फरक पायांच्या खालच्या बाजूला कळतो. पिवळा भाग कुठे सुरू होतो, त्यावर काळा पट्टा किती रुंद, हे पाहायचं. आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या रेगॅलिस या प्रजातीच्या पोटाच्या खालच्या बाजूला एक फिकट आडवा पट्टा असतो आणि तो तिला इतरांपासून वेगळं करायला फार कामाला येतो. वरून काढलेल्या सुंदर फोटोत हे काहीच येत नाही.

"नावं सारखी बदलत असतील तर त्यांचा उपयोग काय?"

पाळणारे वैतागतात ते इथे. झाडावरच्या टॅरँट्युलांचा ॲव्हिक्युलारिया हा प्रसिद्ध वंश २०१७ साली ब्राझीलच्या दोन संशोधकांनी तपासला आणि चाळिसाहून अधिक प्रजातींमधून त्या वंशात १२ उरल्या. काही नावं रद्द झाली, काही प्रजाती नव्या वंशांत गेल्या. मार्टिनिक बेटावरचा निळा-हिरवा देखणा व्हर्सिकलर तेव्हापासून कॅरिबेना वंशात आहे. २०२० मध्ये लाल गुडघ्यांच्या ब्रॅकिपेल्मातून काही प्रजाती काढून ट्लिल्टोकाट्ल हा नवा वंश केला गेला. कुरळ्या केसांचा म्हणून विकला जाणारा टॅरँट्युला त्यात गेला.

ही धरसोड नाही. जुनी नावं कित्येकदा एकाच जुनाट, रंग उडालेल्या नमुन्यावर दिलेली होती. नवे नमुने आले, जागेवर जाऊन शोध झाले आणि हिशेब दुरुस्त झाला. उलट घडल्याचंही उदाहरण आहे. थायलंडमधला एक झळाळता निळा-जांभळा टॅरँट्युला बाजारात 'इलेक्ट्रिक ब्लू' या व्यापारी नावाने आधीपासून विकला जात होता. विज्ञानाने त्याला नाव दिलं ते २०२३ साली: चिलोब्रॅकिस नाटानिचारम. प्रजातीची नोंद व्हायच्या आधी तिची विक्री सुरू झाली होती. ती रानात किती आहे, कुठे आहे, हे कुणी मोजलेलं नसताना. म्हणून दुकानातल्या चिठ्ठीवर वंशाच्या नावापुढे अवतरणात एखादं आकर्षक इंग्रजी नाव असेल, तर ते विक्रेत्याने दिलेलं नाव आहे हे लक्षात ठेवावं.

"मग सरळ डीएनए तपासून टाका ना"

डीएनएने मोठी मदत झाली आहे, यात शंका नाही. अमेरिकेतल्या अॅफोनोपेल्मा वंशाचंच पाहा. त्या देशातून या वंशाच्या पन्नासहून अधिक प्रजातींची नावं नोंदलेली होती. २०१६ साली तीन संशोधकांनी जवळपास ३,००० नमुने तपासले आणि २९ प्रजाती मान्य केल्या. त्यातल्या १४ अगदी नव्या होत्या. या कामात डीएनए होता, पण जोडीला अवयवांची मापं, राहण्याच्या जागा आणि नर बाहेर पडण्याचा हंगामही होता.

एकट्या डीएनएच्या दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे मिळालेला क्रम कशाशी तरी ताडून पाहावा लागतो. ज्याच्याशी ताडतो तो नमुनाच चुकीच्या नावाने साठवलेला असेल, तर उत्तरही चुकीचं येतं. लाल गुडघ्यांची गोष्ट आठवली की ही भीती किती खरी आहे ते कळतं. दुसरी मर्यादा संकराची. प्रजाती ओळखण्यासाठी सहसा जो जनुकाचा तुकडा वापरतात तो पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधला असतो, आणि तो फक्त आईकडून येतो. स्मिथी मादी आणि हॅमोरी नर यांच्या पिल्लाची ही चाचणी केली तर अहवाल निःशंकपणे स्मिथी म्हणेल. बापाचा पत्ताच लागणार नाही.

फोनमधल्या ओळख सांगणाऱ्या ॲपांबद्दल वेगळं लिहायला नको. ती फोटोवरूनच शिकलेली असतात, म्हणून फोटोच्या सगळ्या मर्यादा त्यांच्यात उतरतात. वंशाचा अंदाज घ्यायला ती ठीक.

नाव कळलं नाही तर बिघडतं काय?

बिघडतं, आणि सर्वात आधी प्राण्याचं. मेक्सिकोच्या कोरड्या झुडपी रानातला बिळात राहणारा कोळी दमट, उंच पेटीत ठेवला तर तो चढतो, पडतो आणि जखमी होतो. ॲमेझॉनच्या झाडावरचा कोळी कोरड्या, बसक्या पेटीत झिजतो. यासाठी वंश कळला तरी पुष्कळ आहे.

दुसरं, माणसाचं. टॅरँट्युलाच्या चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही, पण सगळे चावे सारखे नसतात. ब्रॅकिपेल्मासारख्यांचा चावा दुखतो आणि बहुधा उतरतो. पोइसिलोथेरियाच्या चाव्यानंतर काही तासांनी स्नायूंमध्ये जोरदार पेटके येऊ शकतात आणि ते कित्येक दिवस त्रास देतात. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना वंशाचं नाव सांगता आलं तर फरक पडतो. अमेरिकी टॅरँट्युलांचे खाजरे केस डोळ्यात गेले तर तीही गंभीर गोष्ट आहे, पेटी साफ करताना चष्मा लावावा आणि हात डोळ्यांना लावू नयेत.

तिसरं, कायद्याचं. लाल गुडघ्यांचा स्मिथी १९८५ पासून सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचं बंधन आहे. पुढे १९९० च्या दशकात सगळा ब्रॅकिपेल्मा वंशच यादीत आला. पोइसिलोथेरिया वंश २०१९ साली आला. प्रजातींऐवजी अख्खा वंश यादीत घ्यायला सबळ कारण आहे. सायटिसच्या मूळ मसुद्यातच अशी तरतूद आहे की एखादी प्रजाती स्वतः धोक्यात नसली, तरी ती धोक्यातल्या प्रजातीपासून वेगळी ओळखता येत नसेल तर तिच्यावरही नियंत्रण ठेवता येतं. चेन्नईच्या अधिकाऱ्यांना कुपीतल्या पिल्लांची प्रजाती ठरवावी लागली नाही ती यामुळेच. ब्रॅकिपेल्मा एवढं कळणं कारवाईला पुरेसं होतं.

चौथी गोष्ट मला सर्वात जास्त काळजीची वाटते. चुकीच्या नावाने दोन वेगळ्या प्रजातींची जोडी लावली की संकर तयार होतो. अंड्यांच्या एका पिशवीतून शेकडो पिल्लं निघतात आणि तीही चुकीच्याच नावाने विकली जातात. काही पिढ्यांनंतर पाळीव साठ्यात नेमकं काय आहे हे कुणालाही सांगता येत नाही. रानातली प्रजाती संपत आली तर पाळीव प्राण्यांतून तिला आधार देता येईल, ही आशाही त्यासोबत संपते. म्हणून ओळख पक्की नसलेल्या टॅरँट्युलाची पैदास करूच नये.

आणि पावसाळ्यात पडवीत आलेला?

कोकण, गोवा, घाटमाथा इथल्या लोकांचा प्रश्न वेगळा असतो. पावसाळ्यात रात्री पडवीत, न्हाणीघरात तळहाताएवढा केसाळ कोळी दिसतो आणि घाबरून तो मारला जातो. तो बहुधा प्रौढ नर असतो, मादीच्या शोधात बाहेर पडलेला. सह्याद्रीत जमिनीत बीळ करणारे चिलोब्रॅकिस आणि थ्रिग्मोपियस आहेत, झाडांच्या ढोल्यांत राहणारा रेगॅलिस आहे. यांच्यातल्या कित्येकांचं पहिलं वर्णन पोकॉक यांनीच १८९९ मध्ये केलं, आणि नंतरची अनेक दशकं त्यांच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. तुमच्या पडवीतल्या त्या पाहुण्याकडे दुकानातल्या कोळ्याकडे नसलेली एक गोष्ट आहे: पक्का पत्ता.

त्याला मारू नका आणि पाळायला पकडूही नका. पारदर्शक डबा वरून झाकून खालून पुठ्ठा सरकवा. वरून एक, समोरून एक आणि डब्याच्या तळातून एक असे तीन फोटो घ्या. गाव, तारीख, वेळ आणि तो जमिनीवर होता की भिंतीवर, एवढं लिहून ठेवा. मग जवळच्याच झाडीत त्याला सोडून द्या. असे फोटो आणि नोंदी कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांपर्यंत पोचल्या तर त्यांना फार मोलाच्या असतात.

घरातल्या पेटीसाठीही अशीच नोंद ठेवता येते. विक्रेत्याने सांगितलेलं नाव, विकत घेतल्याची तारीख, पावती, प्रत्येक कातीची तारीख, आणि कात स्वतः, वाळवून कागदी पाकिटात. पेटीच्या चिठ्ठीवर मात्र जेवढं ठाऊक आहे तेवढंच लिहावं. शुक्रकोश पाहिला नसेल आणि मूळ ठिकाण माहीत नसेल, तर "ब्रॅकिपेल्मा, प्रजाती अनिश्चित, हॅमोरी म्हणून घेतला" ही ओळ पुरेशी आहे, आणि प्राणी दुसऱ्याच्या हाती सोपवताना तीच ओळ, पावतीसकट, त्याच्यासोबत गेली पाहिजे.